नारोशेटचा न टोचणारा चाप

एका गावात एक सोनार होता. गाव म्हटलं की सोनार आलाच, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. जरा दम धरा. या सोनाराचं नाव नारोशेट, आणि त्याच्यासारखे केसांचे चाप पंचक्रोशीत कुणी घडवत नसे. वेणीच्या मुळाशी लावायचा सोन्याचा चाप, त्यावर कधी केवड्याचं पान, कधी चंद्रकोर, आणि बहुतेक वेळा मोर. मोराच्या डोक्यावर पाच काड्यांचा उभा तुरा असायचा. तो तुरा ही त्याच्या घराण्याची खूण. बाईनं पाठ फिरवली की बघणारा लांबूनच ओळखायचा, हा नारोशेटचा.

माणूस भला होता, पण स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागला की आवरायचा नाही. "वीस वर्षं झाली," तो म्हणायचा, "माझा चाप टोचला, केस ओढले गेले, अशी एक तक्रार नाही. दुरुस्तीला येतो तेव्हासुद्धा बघा कसा लख्ख असतो. अडकलेला एक केस दाखवा मला!"

आणि खरंच, कुणाला दाखवता आला नसता.

एक दिवस राजवाड्यातून बोलावणं आलं. राजाची आठ वर्षांची मुलगी वर्षापूर्वी मोठ्या तापातून उठली होती. तापात तिचे सगळे केस गळले होते. आता कुठे ते मानेपर्यंत आले होते, मऊ आणि विरळ.

"नारोशेट," राणीसाहेब म्हणाल्या, "पाडव्याला पोरीची पहिली वेणी घालायची आहे. सगळा दरबार जमेल. तिला तुमचा मोराचा चाप हवाय. पण नीट ऐका. डोक्याला कुणी हात लावला तरी ती किंचाळते. आजारात फणीबरोबर पुंजकेच्या पुंजके निघायचे, ते तिच्या मनातून अजून जात नाही. त्या दिवशी एक जरी केस ओढला गेला, तर ती पुन्हा कुणाला जवळ येऊ देणार नाही."

"त्याची काळजीच सोडा, राणीसाहेब. आजवर एक तक्रार नाही."

मागे उभ्या असलेल्या दासींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चटकन माना खाली घातल्या. राणीसाहेबांचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला. तिथे नारोशेटनंच घडवलेला चाप होता. हात तिथं क्षणभर थांबला, मग खाली आला.

"आणि ओढला गेलाच," त्या म्हणाल्या, "तर रीत तुम्हाला ठाऊक आहे. शेगडी वेशीबाहेर उपडी करायची आणि दुसरं गाव बघायचं."

पाडव्याला नऊ दिवस होते.

वाड्यातून परतताना नारोशेटच्या मनातून त्या दासींच्या खाली गेलेल्या माना काही जाईनात. हसत होत्या का त्या? हसण्यासारखं मी काय बोललो? असा विचार करत करत तो दुकानात आला आणि कामाला लागला. पाच दिवस मान वर केली नाही. मोर असा उतरला की विचारू नका! पिसाऱ्याचं एकेक टोक सुटं, नाजूक, आणि वर पाच काड्यांचा तो दिमाखदार तुरा. शेजारचा कासार बघायला आला तो बघतच राहिला.

दुकानात खुंटीला काळ्या रेशमाची एक जुडी बांधलेली होती. नारोशेटच्या वडिलांनी बांधलेली. परक्या बाईच्या केसांना हात लावायची सोय नाही, म्हणून नवा चाप या जुडीला लावायचा, काढायचा, अलगद सुटला की झालं काम. नारोशेटनं चाप सात वेळा लावला, सात वेळा काढला. रेशमाचा एक धागा हलला नाही.

तरी त्याचं समाधान होईना. शेवटी तो चाप खिशात टाकून उठला आणि विहिरीवर गेला. तिथे पाणी भरणाऱ्या बायकांपैकी तिघींच्या वेणीत त्याचेच चाप होते.

"काय गं पोरींनो, चाप कसा आहे?"

"छान दिसतो हो, नारोशेट!"

"काही त्रास वगैरे?"

"छे हो, त्रास कसला!" तिघीही एका सुरात म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या. मग घागरी उचलून लगबगीनं चालू लागल्या. खरं सांगणारं माणूस इतकी घाई करत नाही, हे नारोशेटलाही कळत होतं.

तिथून तो दुकानात न जाता भर दुपारीच घरी आला. एरवी तो दिवस मावळल्याशिवाय घरी यायचा नाही. परसात त्याची बायको म्हाळसा केस मोकळे सोडून बसली होती. मांडीवर तिच्या लग्नात त्यानं घडवलेला चाप, हातात सुई. सुईच्या टोकानं ती चापाच्या बिजागरीतून, मोराच्या पिसाऱ्यातून एकेक केस उकरून काढत होती. शेजारी वाटीत रिठ्याचं पाणी आणि एका चिंधीवर लिंबाएवढा केसांचा गुंडा.

"अगं, हे काय?"

म्हाळसा दचकली. चिंधी झाकायला गेली, पण उशीर झाला होता. "काही नाही हो. दर शुक्रवारी करते. सगळ्याच करतात."

"सगळ्या म्हणजे?"

"गावातल्या सगळ्या. केस घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, नजर लागते, हे तुम्हाला माहीत नाही का? म्हणून चाप दुरुस्तीला द्यायचा झाला की आधी सुईनं केस काढायचे, मग रिठ्यानं धुवायचा, मगच तुमच्याकडे पाठवायचा."

नारोशेट मटकन ओट्यावर बसला. वीस वर्षं ज्या लख्ख चापांचा डंका पिटला, ते असे लख्ख झाले होते तर!

"म्हणजे… ओढतो तो? केस ओढतो?"

म्हाळसानं मान वळवली आणि उजव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. त्वचा गुळगुळीत झाली होती, जणू तिथे कधी काही उगवलंच नव्हतं.

नारोशेटला रडू आलं. खरंच आलं, लपवण्यात काय अर्थ? "वीस वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" म्हाळसा म्हणाली. रागानं नाही, साधंच. "तुम्ही विचारायचात, कसा दिसतो? मी म्हणायची, छान दिसतो. ते काही खोटं नव्हतं. आणि खरं सांगू? मला वाटायचं, माझेच केस वाईट आहेत. तुमच्या चापात खोट कशी असेल? गाव नावाजतंय."

पाडव्याला चार दिवस होते.

आता इथे मनातली गोष्ट सांगतो. नारोशेटच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. चाप आहे तसा पाठवला तर? राजकन्या लहान आहे. चार लोकांत ओठ दाबून बसेल, जसं आजवर सगळ्या बसल्या. दासी केस काढून टाकतील, कुणाला कळणारही नाही. शेगडी वाचेल, नाव वाचेल. पण मग समोर म्हाळसा वेणी घालायला बसली आणि ती उघडी जागा पुन्हा दिसली. आपल्याला असा विचार आला याचीच त्याला लाज वाटली.

त्यानं खिशातून नवा चाप काढला. "हा लाव."

तिनं लावला. मग काढायला गेली. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे बारीक झाले.

"दुखलं?"

"नाही."

"म्हाळसे!"

"थोडं."

"मग ओरड की! चाप माझा आहे, डोकं तुझं आहे. ओरडायला कुणाच्या बापाची भीती?"

पुढच्या वेळी म्हाळसा अशी ओरडली की कासारीण कुंपणावरून डोकावली. काय झालं ते ऐकून ती म्हणाली, "अगंबाई! म्हणजे तुझेही ओढतात? मी समजत होते माझेच." ती गेली आणि विहिरीवरच्या तिघींना घेऊन आली. त्या संध्याकाळी परसात सात-आठ बायका जमल्या. कुणाचे केस कुरळे, कुणाचे पिकलेले, कुणाचे तेलानं थबथबलेले, एकीचे तर बाळंतपणानंतर विरळ झालेले, अगदी राजकन्येसारखे. एकीनंही चाप धुऊन आणला नव्हता. पहिल्यांदाच.

नारोशेटनं ते चाप भिंगाखाली धरले, आणि वीस वर्षांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. बिजागरीच्या फटीत केस चिमटतो. पिसाऱ्याच्या सुट्या टोकांमागे केस शिरतो आणि आडवा अडकतो. वेणीत खुपसायच्या काडीचं टोक कानशीनं घासलेलं, हाताला गुळगुळीत लागतं, पण केसाला नाही.

चाप मोडायला घेतला. मोडायचा म्हणजे काय, काळजावर दगड ठेवून! बिजागरी बाहेरच्या बाजूला नेली आणि तिच्यावर पत्र्याची टोपी बसवली. पिसाऱ्याची सुटी टोकं आत वळवून मागून एकसंध पातळ पत्रा लावला, आरशासारखा सपाट. पत्र्याच्या कडा गोल वळवल्या. खुपसायच्या काडीचं टोक वितळवून त्याचा थेंब केला. दर वेळी म्हाळसा केसांत घालायची, घरभर वावरायची, केर काढायची, मान वळवायची. "ई!" आला की चाप पुन्हा शेगडीवर. पहिल्या दिवशी अकरा वेळा "ई" आला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी फक्त एकच राहिला, पण तो काही केल्या जाईना.

तो तुऱ्याचा होता. वेणी हलली की बाजूचे सुटे केस त्या पाच काड्यांत गुंतत. काड्या आखूड करून पाहिल्या, वाकवून पाहिल्या, टोकांना मणी लावून पाहिले. छे!

"राहू द्या हो," म्हाळसा म्हणाली. "एवढंसं तर ओढतं. तुरा काढलात तर ओळखणार कोण, की हा तुमचा म्हणून?"

नारोशेटनं तुऱ्यावरून अंगठा फिरवला. वडिलांची खूण, आजोबांची खूण. मग त्यानं कात्री घेतली आणि तुरा कापून टाकला.

म्हाळसानं चाप घातला, काढला. पुन्हा घातला, दळण दळलं, काढला. एक शब्द बोलली नाही. नारोशेट कासावीस. "अगं, काय ते सांग!"

"काय सांगू? मी विसरलेच होते की घातलाय."

पाडव्याच्या दिवशी दरबार खच्चून भरला होता. नारोशेटनं तबकावरचं वस्त्र बाजूला केलं आणि पुढच्या रांगेत खसखस पिकली. "तुरा कुठाय? अहो, मोराचं बदक झालं!" राणीसाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"नारोशेट, काय हे?"

नारोशेट हात जोडून बोलला. "राणीसाहेब, मी त्या दिवशी तुमच्यापुढे फुशारकी मारली. तक्रार नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. तुरा केस ओढत होता, म्हणून कापला. हा दिसायला कमी आहे, मला माहीत आहे. पण न दुखवणारा चाप माझ्या हातून झाला तो हा पहिलाच." मग तो राजकन्येपुढे गुडघ्यावर बसला. "ताईसाहेब, एक काम करा. जरासं जरी दुखलं तरी मोठ्यानं ओरडा. छान दिसतो, असं मुळीच म्हणू नका."

पोरगी दासीचा पदर घट्ट धरून उभी होती. डोळे मिटलेले, खांदे वर ओढलेले. नारोशेटबरोबर आलेल्या म्हाळसानं हलक्या हातानं तिची बोटभर वेणी घातली आणि चाप लावला.

राजकन्येनं एक डोळा उघडला. मान डावीकडे केली. उजवीकडे केली. मग जोरजोरात हलवली. मग "लावलाच नाही!" म्हणून रागावली, हात मागे नेऊन चाचपलं आणि हाताला चाप लागल्यावर खुदकन हसली. ती दरबारभर दोन फेऱ्या धावून आली, तेव्हा म्हाळसानं चाप काढून पांढऱ्या रुमालावर ठेवला. राणीसाहेब स्वतः वाकल्या. त्यांनी चाप उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. त्यावर एकही केस नव्हता.

"परत लावा," राजकन्या म्हणाली.

नारोशेटचा जीव भांड्यात पडला. पण गोष्ट इथे संपत नाही. सगळ्या दरबारादेखत राणीसाहेबांनी हात मागे नेला आणि आपल्या अंबाड्यातला चाप काढला. काढताना त्या पहिल्यांदाच मोठ्यानं "आई गं!" म्हणाल्या. चापाला तीन लांब केस लटकत होते. ते न काढता त्यांनी चाप तसाच नारोशेटच्या हातावर ठेवला.

"बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आता हाही नीट करा."

मागच्या दासींपैकी एकीनं हळूच आपल्या केसांना हात घातला. मग दुसरीनं. नारोशेट घरी गेला तेव्हा उपरण्यात चापांचा ढीग बांधलेला होता, सगळे केसांसकट. त्यातला एकही त्यानं त्या दिवशी हातात घेतला नाही. शेगडी पेटवली आणि आधी म्हाळसाचा चाप मागून घेतला.

त्यानंतर त्याच्या चापांवर तुरा कधी दिसला नाही. तरी बायका लांबून ओळखायच्या. ज्या बाईचा हात सारखा डोक्याकडे जात नाही, तिचा चाप नारोशेटचा.

तात्पर्य हेच, की तक्रार आली नाही म्हणजे कुणाला दुखत नाही असं समजू नये; आपलं काम ज्याला सोसावं लागतं त्याला आपणहून विचारावं, आणि त्यानं खरं सांगितलं तर आपला तुरा कापायची तयारी ठेवावी.