झाकलेलं विरजण

एका राज्यात धैर्यराज नावाचा राजा होता, आणि धैर्य काय ते त्याच्या नावातच होतं. बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघणार, भात शिजण्याआधीच झाकण काढणार. त्याची लेक चित्रांगी राजवाड्यातलं विरजण स्वतःच्या हाताने लावी, तर हा तिथेही हळूच बोट घालून बघे, दही लागलं का म्हणून! मग चित्रांगी कमरेवर हात ठेवून ओरडे, “बाबा, बोट घालू नका! आपण लावायचं, झाकायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं काम देवाचं.” राजा बोट चाटत निघून जाई आणि राणी मेघावती तोंडाला पदर लावून हसे.

एकदा राजा शिकारीला निघाला. जाणारा माणूस सुखरूप परत यावा म्हणून चित्रांगीने रिवाजाप्रमाणे त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. राजा सुखरूप परत आला खरा, पण येताना डोंगरातल्या एका गुहेतून रत्नांचा हार उचलून घेऊन आला. कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाही. आल्या आल्या लेकीच्या गळ्यात घातला. आणि काय सांगू, बघता बघता लेकीची पावलं दगडाची झाली, मग कंबर, मग केस. आणखी काय आणलंत म्हणून तिने पुढे केलेला उजवा हात तसाच उघडा राहिला.

हारातून आवाज आला, “मी कराळ जादूगार. राजा, तू माझा हार चोरलास. आता तू उंबरठा ओलांडलास तर या मूर्तीला तडा जाईल. दुसऱ्या कुणी येऊन माझी तीन कामं केली तर लेक परत मिळेल. अमावास्या उलटली की ती कायमची दगड.”

राजाने कपाळ बडवून घेतलं. प्रधान पुढे येऊन म्हणाला, “महाराज, मूर्तीवर सुंदर संगमरवरी छत्री बांधू.” छत्री बांधतोय मेला! राणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो चार पावलं मागे सरकला.

राणी तडक देवळात गेली. गुरवाने देवाच्या अंगावर दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, असा तिथला कौल. दिवस कलला तरी एकही फूल हललं नाही. गुरव हळू आवाजात म्हणाला, “राणीसाहेब, देव गप्प आहे.”

“गप्प आहे ना? नाही तर म्हणाला नाही,” राणी म्हणाली आणि निघायची तयारी करू लागली.

निघताना तिच्या हातावर दही ठेवायला लेक नव्हती. राजानेच लेकीने लावलेलं शेवटचं दही तिच्या तळहातावर ठेवलं. उरलेलं गाडग्यात घालून राणीने बरोबर घेतलं. चित्रांगीची पाळलेली साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली. साळुंकी बोलकी होती, पण जिभेला हाड नव्हतं. “मी येते,” ती म्हणाली, “पण आधीच सांगते, काही खरं नाही.”

दोघी कराळाच्या गडावर पोचल्या. गड काळा होता आणि त्याचे दरवाजे आपोआप उघडत आणि मिटत. कराळाने राणीपुढे एक चाळणी टाकली. “खालच्या नदीचं पाणी हिच्यातून वर आण.”

“झालं! चला घरी,” साळुंकी म्हणाली.

राणी नदीवर गेली. चाळणी भरली, रिकामी झाली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. तिने चाळणी तशीच वर धरली आणि म्हणाली, “देवा, भोकं मला बुजवता येत नाहीत. तुला काय करता येतं ते तू बघ.” आभाळात ढग नव्हता. तरी नदीची वाफ वर गेली आणि तिच्याच गारा होऊन चाळणीत पडल्या, टपोऱ्या, चाळणी काठोकाठ भरेपर्यंत. राणीने त्या गडावर नेऊन घंगाळात ओतल्या आणि त्यांचं पाणी झालं.

कराळ ओठ चावत म्हणाला, “अंगणात हा वाळका खांब आहे. माध्यान्हीला याची एवढी सावली हवी की माझं सारं सैन्य तीत बसेल.”

राणी खांबाला पाणी घालत बसली. पालवी काही फुटेना. ऊन चढत चाललं. साळुंकी इकडून तिकडे नाचली, कुरकुरली, आणि शेवटी म्हणाली, “तुमच्या देवाला झाड काही जमत नाहीसं दिसतं. थांबा, मी माझ्या भावकीला बोलावते!” तिने शीळ घातली आणि दाही दिशांनी साळुंक्या आल्या. खांबावर बसल्या, एकमेकींच्या पाठीवर बसल्या, पंख पसरून अंगणभर छप्पर झाल्या. सैन्य सावलीत बसलं आणि घोरू लागलं.

“बघितलंत? हे मी केलं,” साळुंकी म्हणाली.

“हो गं बाई, तूच. आणि तुला हे सुचवलं कुणी?” राणी म्हणाली. साळुंकी घाईघाईने चोचीने पंख साफ करू लागली.

अमावास्येची सकाळ उजाडली. कराळाने राणीला तळघरातल्या हौदापाशी नेलं. हौदभर दूध, बर्फासारखं गार. कराळ ते रोज ढवळी आणि ते कधीच विरजत नसे. “याचं दही लाव. संध्याकाळी मी ही पितळी समई वर ठेवीन. उभी राहिली तर लेक तुझी. बुडाली तर तूही दगड.”

राणीने गाडगं उघडून पाहिलं. वाटेत उन्हाने सगळं दही वाळून तळाला पापुद्रा तेवढा उरला होता. तिने तो नखाने खरवडला, देवाचं नाव घेतलं आणि हौदात सोडला. अंगावरची शाल पसरली. ती एक कोपराच झाकू शकली. मग हौदाकडे पाठ करून बसली.

दुपारी मागे दूध डुचमळल्याचा आवाज आला. कराळ हसला, “पाणी आहे नुसतं. बोट घालून बघ की!” राणी हलली नाही. मग दुधातून चित्रांगीचा आवाज आला, “आई, मी बुडतेय! हात दे!”

राणी ताडकन उठली. तिचा हात शालीपर्यंत गेला. खरा आवाज की मायावी, तिला कळेना, आणि आईच्या हाताला कुठे थांबता येतं? ती ढसाढसा रडली. रडता रडता तिला कमरेवर हात ठेवलेली लेक आठवली. तिने हात मागे घेतला. “देवा, लेक तुझ्या हाती दिली आहे,” ती म्हणाली. “मला भीती वाटते, फार वाटते. पण मी बोट घालणार नाही.” साळुंकी तिच्या मानेला बिलगून बसली.

संध्याकाळी कराळाने शाल ओढली आणि समई हौदात ठेवली. समई उभी राहिली. दूध या काठापासून त्या काठापर्यंत घट्ट विरजलं होतं. कराळाची सारी जादू त्या ढवळण्यात होती. ती तिथेच थिजली. दरवाजे उघडले ते उघडेच राहिले आणि समोर एक थकलेला म्हातारा उरला. राणीने त्यालाही वाडगाभर दही वाढलं. “हार तुमचा आहे, परत पाठवते,” ती म्हणाली आणि गाडगं भरून घेऊन निघाली.

पण घरी येऊन बघते तर चित्रांगी दगडच! साळुंकी डोळे मिटून म्हणाली, “मी म्हटलं होतं...” आणि तिने चोच पंखात खुपसली. राणीने लेकीच्या गळ्यातला हार काढला, तिच्या उघड्या तळहातावर दही ठेवलं, वर आपली शाल पांघरली आणि दोन पावलं मागे झाली.

राजाला राहवेना. शाल उचलून बघायला त्याने हात पुढे केला, तो कुणीतरी ओरडलं, “बाबा, बोट घालू नका!”

राजाचा हात जागच्या जागी थांबला. शाल हलली. तिच्याखालून चित्रांगीने तळहात तोंडाशी नेला, दही चाटलं आणि नाक मुरडलं. “साखर कुठाय?”

अख्ख्या राज्याचा राजा साखर आणायला स्वतः धावत सुटला. दारात गुरव त्याच्यावर आदळला, धापा टाकत म्हणाला, “महाराज, उजवं फूल पडलं!”

“आम्हाला कळलंय,” राजा म्हणाला, “आधी वाटेतून बाजूला व्हा!”

त्या घरी साखर पोचली, तशी ती तुमच्याही घरी पोचो.