दादाएवढं वजन

कोल्हापूरच्या अलीकडं एका गावात सुबराव नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा गोष्टीतला शब्द. गावात दुसरा चालायचा.

सांगितलेलं तो सगळं करायचा. आणि सांगितलं तेवढंच करायचा. त्यामुळं त्याला कामावर ठेवायला सगळेच तयार असायचे. एकेक दिवस.

सुबरावला मामाची राजाक्का हवी होती. मामा म्हणाला, "आधी कुठंतरी कायम हो. मग बघू." म्हणून सुबराव दस्तगीर वस्तादाच्या गॅरेजात लागला. वस्ताद म्हणाला, "रविवारची शर्यत नीट पार पडू दे. तुला कायम करतो."

शर्यतीत उतरणार होते उदयसिंगदादा, गुळाचे व्यापारी. त्यांनी एक लाल स्पोर्ट्स कार आणली होती. ती मुळातच बुटकी. दादांनी तिला आणखी बुटकी करून घेतली. आता तिच्या खालून जायचं तर मांजराला पोट आत ओढावं लागायचं. गतिरोधक आला की चौघांनी गाडी उचलायची आणि पलीकडं ठेवायची. ताशी दोनशेनं पळणारी गाडी. गावातून मात्र चौघांच्या हातावर जायची. पण रुबाब होता, हे कबूल केलं पाहिजे.

शर्यतीच्या मैदानात वळणं फार आणि वळणावर गाडी कलायची. वस्ताद म्हणाला, "सुबराव, गाडी अजून दोन बोटं खाली घे."

गॅरेज होतं चढावर. सुबरावनं गाडीला मागून रेटा दिला. गाडी खाली गेली, ती थेट ओढ्यापर्यंत.

"घेतली खाली, वस्ताद. दोन बोटं म्हणालासा, पण जरा जास्त गेली."

वस्तादानं कपाळ धरलं. "अरं मर्दा, ही स्प्रिंग. स्प्रिंगच्या खाली हे कडं. कडं फिरवलं की गाडी खाली बसते. गाडी जाग्यावर ऱ्हायली पाहिजे. फिरलं पाहिजे ते कडं!"

"एवढंच व्हय?" सुबराव म्हणाला आणि पाठ करत बसला. गाडी जाग्यावर, फिरलं पाहिजे ते कडं.

शेवटी वस्तादानंच चारी कडी फिरवली. गाडी छान खाली बसली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जा, गावातनं एक फेरी मारून ये. वळणावर कलतंय का बघ."

सुबरावला हसू आलं. एवढा मोठा वस्ताद, आणि कालचं आज विसरला! गाडी कुठं फिरवायची असते? त्यानं एका चाकाचं कडं सोडवलं, हातात घेतलं आणि गावाला फेरी मारली. चावडी झाली, हायस्कूल झालं, दूध डेअरी झाली. प्रत्येक वळणावर थांबून त्यानं कड्याकडं निरखून पाहिलं.

"कुठंच कललं न्हाई वस्ताद. एकदम सरळ!"

इकडं गाडी एका कोपऱ्यावर बसली होती, लंगड्या म्हशीसारखी.

"फेरी गाडीत बसून मारायची असती रं!" वस्ताद ओरडला. "आणि रिकाम्या गाडीवर काय कळत नसतंय. सीटवर दादाएवढं वजन पाहिजे. आधी आत वजन, मग काम!"

"असं आधी सांगायचं की," सुबराव म्हणाला. चूक कुणाची, ते त्याच्यापुरतं ठरलं.

वस्तादानं कडं परत बसवलं. तेवढ्यात निरोप आला, दादा गाडी बघायला येतायत. वस्ताद घाईघाईनं म्हणाला, "सुबराव, सीट पुसून घे."

काम आलं. म्हणजे आधी आत वजन. सुबराव दादांच्याच दुकानातून गुळाच्या तीन ढेपा घेऊन आला. दादा घेरानंही साधारण तेवढेच. ढेपा सीटवर रचल्या आणि मग कडेकडेनं सीट पुसली. ऊन मे महिन्याचं.

दादांनी दार उघडलं. स्टिअरिंगमागं त्यांचाच गूळ बसला होता, अर्धा वितळून. गाडीचा ताबा मुंग्यांकडं होता.

"वस्ताद," दादा शांतपणे म्हणाले, "शर्यत मी मारायची का ह्यानं? लायसन काढलंय का ह्याचं?"

वस्ताद सुबरावकडं वळला. "अरं बाबा, गाडी निघायच्या आधी आतलं वजन भायेर काढायचं असतं! हिसका मारून भायेर!"

सुबरावनं मान हलवली. निघायच्या आधी आतलं वजन बाहेर.

रविवार आला. मैदानाला तोबा गर्दी. मामाही आला होता, जावई कायम होतोय का बघायला. दादा हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसले. गाडी गिअरमध्ये, पाय क्लचवर, इंजिन गुरगुरतंय. सुबराव काच पुसत होता. झेंडा वर गेला.

आणि सुबरावनं आत पाहिलं. गाडी निघणार, आणि वजन आतच! तंतोतंत दादाएवढं!

वस्ताद विसरला म्हणून आपण विसरून कसं चालेल? सुबरावनं दार उघडलं, पट्टे सोडले, काखेत हात घातले आणि एका हिसक्यात वजन बाहेर काढलं.

दादांचा पाय सुटला. गाडीही सुटली, सगळ्यांच्या आधी. इतकी हलकी ती कधीच पळाली नव्हती. कडी वस्तादानं अशी जुळवली होती की ती तसूभर कलली नाही. पहिल्या वळणावर तर मुळीच नाही, कारण ती वळलीच नाही. सरळ भडंगाच्या स्टॉलात शिरली. भडंगवाला झारा हातात घेऊनच पळाला. दादा धुळीत बसले होते आणि त्यांचे हात अजून स्टिअरिंग फिरवत होते.

"सुबराव!" वस्ताद किंचाळला. "आजपासनं तू घरी! कायमचा!"

सुबरावचे डोळे भरून आले. गर्दी कापत तो धावला आणि मामाच्या पाया पडला.

"मामा, झालो कायम!"

"कुठं रं?"

"घरी."