गेनबा कोतवालानं गाव सारखं वाटलं

चिंचखेड नावाच्या गावात एक कोतवाल होता. इतका भोळा, की त्याला नुसतं भोळा म्हटलं तर बाकीच्या भोळ्यांना राग यावा. नाव गेनबा. त्याची बायको साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. मुलगा झाल्याचा निरोप आला अन् गेनबाला घर खायला उठलं. सोमवारी ती बाळाला घेऊन येणार होती.

नेमके त्याच सोमवारी तहसीलदारही येणार होते. नवी जनगणना झाली होती, माणसं वाढली होती, म्हणून गावाचे दोन वॉर्ड नव्यानं पाडायचे होते. तलाठी भाऊसाहेबांनी गेनबाला बोलावलं.

"गावात सहाशे चार माणसं. मधून चुन्याच्या फक्कीची रेघ मार. अलीकडं तीनशे दोन, पलीकडं तीनशे दोन. एक जरी कमीजास्त झालं, तर तुझी नोकरी गेली म्हणून समज. मग बायकोपोराला काय खायला घालशील?"

"बरं," गेनबा म्हणाला, अन् ध्यानात ठेवलं.

त्यानं रेघ मारली. माणसं मोजली. अलीकडं तीनशे तीन, पलीकडं तीनशे एक. आता आली का पंचाईत? गेनबानं सखूआजीला झोपल्या खाटेसकट उचललं अन् रेघेपलीकडं शिंद्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. आजी जागी झाली तर तोंडासमोर म्हैस. तिनं जो शंख केला, तो भाऊसाहेबांच्या कचेरीपर्यंत ऐकू गेला.

"अरे शहाण्या," भाऊसाहेब म्हणाले, "माणसं हलवायची नसतात. रेघ हलवायची."

"बरं," गेनबा म्हणाला, अन् ध्यानात ठेवलं. आजी घरी गेली, रेघ हलली, हिशेब जुळला.

दुसऱ्या दिवशी उसाची एक ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली अन् उतारावरून थेट पाराकडं निघाली. पारापुढं पाचसहा जण गप्पा मारत उभे होते, त्यांत भाऊसाहेबही. सगळे पळायला लागले, तर गेनबा हात पसरून आडवा.

"कुणी हलायचं नाही. मी रेघ हलवतो."

अन् त्यानं ट्रॉलीपुढं फक्कीची झकास रेघ मारली. ट्रॉलीला कुठं कायदा कळतो? बाकीचे गेनबाला ढकलून पळाले. भाऊसाहेबांनी गटारात उडी टाकली म्हणून वाचले.

"अरे माठ्या," गटारातूनच ते म्हणाले, "कुणी अंगावर आलं, की माणसानं आपणहून बाजूला व्हावं. गपगुमान. येणाऱ्याला वाट द्यावी."

"बरं," गेनबा म्हणाला, अन् ध्यानात ठेवलं.

सोमवार उजाडला. तहसीलदार आले. माणसं मोजली, तीनशे दोन अन् तीनशे दोन. त्यांनी नकाशावर शिक्का मारला.

"आता ही रेघ कुणी हलवायची नाही," म्हणाले, अन् चहाला बसले. भाऊसाहेबांनी गेनबाच्या पाठीवर थाप मारली. नोकरी वाचली.

तेवढ्यात एसटी आली. साळू बाळाला घेऊन उतरली. गेनबाचे डोळे भरून आले. त्यानं पोराला छातीशी धरलं, पोरानं त्याचं बोट पकडलं. त्याला वाटलं, आता काही नको. अन् मग त्यानं मोजलं.

साळू तीनशे दोनांत होतीच. हे एक जास्तीचं. अलीकडं ठेवावं तर अलीकडं तीनशे तीन, पलीकडं ठेवावं तर पलीकडं तीनशे तीन. माणूस हलवायचा नाही, रेघेवर शिक्का बसलेला. गेनबाला दरदरून घाम फुटला. मग त्याला भाऊसाहेबांचं बोलणं आठवलं.

त्यानं पोराचा मुका घेतला, त्याला साळूच्या हातात दिलं, अन् उलटी फिरून निघालेल्या त्याच एसटीत चढला.

"अहो, निघालात कुठं?"

"तुझ्या माहेरी. हा आला, आता कुणीतरी बाजूला व्हायला पाहिजे."

"अन् परत कधी यायचं?"

"पुढच्या जनगणनेला. दहा वर्षं कशीही निघतील," गेनबा डोळे पुसत म्हणाला. "पण तू काळजी करू नकोस. इथली नोकरी शाबूत आहे."