चाचणी, चाचणी!

जनावरं एकमेकांशी धड बोलत होती, तेव्हाची गोष्ट. एका रानात कोल्ह्यानं निरोप पोचवायचा धंदा काढला. पाटी लावली, "कितीही निरोप, सशाच्या वेगानं!" ढोल्या अस्वलानं लगेच नाव नोंदवलं. त्याची बहीण पलीकडच्या डोंगरावर राहायची आणि मोहोळ पिकलं की निरोप धाडायची.

पहिले चार निरोप सशानं आणले. पाचव्यापासून कासव यायला लागलं. ढोल्या धावत जायचा, तोवर दुसऱ्यांनी मध चाटून नुसतं मेण ठेवलेलं.

ढोल्या तणतणत कोल्ह्याकडे गेला. "अरे ए भामट्या, ससा कुठं मेला?"

"दादा, आमच्याकडून वेग बरोबर आहे. ही घ्या चाचणी." कोल्ह्यानं 'चाचणी' एवढाच निरोप देऊन सशाला डोंगरावर पिटाळलं. ढोल्याची पाठ खाजवून होतेय तोच ससा परत हजर.

"मग माझ्याच निरोपाला कासव का?"

"तुम्ही निरोप फार मागवता हो. कितीही म्हटलं म्हणून इतके?"

ढोल्या गुरगुरला, पण एक गोष्ट त्यानं हेरली. चाचणी म्हटलं की ससाच पळतो! त्यानं स्वतः जाऊन बहिणीला शिकवलं. दुसऱ्या सकाळी ससा धापा टाकत आला, "चाचणी! मोहोळ पिकलं, ये!"

आठ दिवसांत रानभर तेच. "चाचणी, सासूबाई निघाल्यात." "चाचणी, जुळी झाली." सशाची जीभ लोंबायला लागली आणि कासव सावलीत घोरायला लागलं.

ढोल्या मोहोळात तोंड खुपसून बसला होता, तेवढ्यात ससा कोल्ह्याचा निरोप घेऊन आला, "चाचणी! यापुढे कुणी चाचणी म्हणायचं नाही!"

ढोल्यानं पंजा चाटत उत्तर धाडलं, "चाचणी. बरं."