हरेल त्याने उठावे

“...आणि अकराव्या गेमनंही जमलं नाही तर? तर काय करायचं, आक्का?”

अभिनंदन मगदूम एवढं बोलून थांबला.

पद्माक्का चौगुल्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही. समोर गेम खेळायचा एक कन्सोल पोट उघडून पडला होता. त्या त्याच्यातली धूळ काढत राहिल्या.

इचलकरंजीत यंत्रमागांच्या एका गल्लीत हे दुकान आहे. पूर्वी तिथे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. आता आक्का बिघडलेले कन्सोल दुरुस्त करतात. कुणी नवा कन्सोल घेतला की आधी त्यांच्याकडे येतो आणि विचारतो, गेम कोणता घेऊ? आक्का माणसाकडे बघतात आणि नाव सांगतात. वय बहात्तर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

हे पार्लर बंद करा म्हणून एकदा गल्लीत मोर्चा आला होता. पोरं बिघडतात, अशी ओरड होती. मोर्चाच्या पुढाऱ्याचा मुलगा त्या वेळी आत बसून खेळत होता. ते कुणी छापलं नाही.

अभिनंदन याच पार्लरमध्ये खेळायला शिकला. आता तो पुण्यात असतो. वर्तमानपत्रात त्याचा स्तंभ येतो. नवा कन्सोल घेतलात? मग हे दहा गेम घ्याच! दर दिवाळीला नवी यादी. लोक ती कापून दुकानात नेतात. दहाही सर्वोत्तम असतात. कुणासाठी सर्वोत्तम, ते यादी सांगत नाही. वाचणारा कोण आहे हे तिला ठाऊकच नसतं, आणि लिहिणाऱ्यालाही.

“तू तारे देतोस म्हणं?” आक्कांनी विचारलं.

“हो. पाचपैकी.”

“आमच्या येळंला आभाळात असायचे.”

अभिनंदन हसला नाही.

“आक्का, माझी जुई अकरा वर्षांची आहे. मोटरसायकल मी चालवत होतो.”

शेजारच्या मागांची खडखड चालू होती.

“उजवा हात. हाड जुळलं, पण बोटं नीट उघडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत हलवली तर हलतील. नंतर आखडली की आखडली.”

“किती झाले?”

“चार.”

आक्कांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“व्यायामाला दिलेला चेंडू ती फेकून देते. म्हणून कन्सोल आणला. म्हटलं, खेळाच्या नादात बोटं हलतील.”

“अक्कल चांगली चालवलीस.”

“दहा गेम दिले. माझ्याच यादीतले. एकेक गेम दोन दिवस खेळते आणि सोडून देते. आता तर कन्सोलवर टॉवेल टाकून ठेवलाय तिनं.”

“हं.”

“मराठीत माझ्याइतके गेम कुणी खेळलेले नसतील, आक्का. हे मी गर्वानं नाही सांगत.”

“मग कशानं सांगतोस?”

अभिनंदनने खिशातून वही काढली. पेनाचं टोपण उघडलं.

“मला फक्त नाव सांगा. तुम्ही माणूस बघून गेम सांगता. अकरावा कोणता देऊ?”

“माणूस कुठाय?”

“जुई? ती पुण्याला आहे. आजीजवळ.”

“मग हाय त्या माणसाला बघू. बस.”

आक्कांनी कोपऱ्यातला जुना, फुगीर टीव्ही चालू केला. त्याला जोडलेला खेळही तेवढाच जुना. कुस्तीचा. पडद्यावर दोन पैलवान, एक लाल, एक निळा. दोन स्टुलं. भिंतीवर निळा पत्रा, आणि त्यावर पांढऱ्या रंगात, हातानं काढलेली अक्षरं:

हरेल त्याने उठावे.

पार्लरचा हा एकच कायदा होता. हरला त्यानं स्टूल सोडायचं, मागे उभा असेल त्यानं बसायचं. फौजदाराच्या मुलालाही सूट नव्हती.

कुस्ती सुरू झाली.

अभिनंदनचा लाल पैलवान पहिल्याच मिनिटाला वरचढ झाला. आक्कांची बोटं संधिवातानं वाकलेली. त्यांचा निळा पैलवान दोनदा पडला, दोनदा उठला. तिसऱ्यांदा पडला तो पाठीवरच. लाल त्याच्या छातीवर. आता एक बटण दाबायचं बाकी होतं...

लाल पैलवान अडखळला. निळ्यानं त्याला उलटवलं आणि चीत केलं.

“वा! आक्का, अजून हात चालतोय तुमचा.”

आक्का पडद्याकडे बघत नव्हत्या.

“अंगठा का उचललास?”

“...काय?”

“मला त्यो लांबचा पडदा नीट दिसतोय कुठं? मी तुझ्या हाताकडं बघत होते. दाबायच्या येळंला तू अंगठा उचललास.”

“आक्का, तुमचं वय...”

“नुरा खेळलास माझ्याशी.”

अभिनंदनचा चेहरा उतरला. नुरा म्हणजे निकाल आधी ठरवून केलेली कुस्ती. या भागात तालमीतल्या माणसाला चोर म्हटलेलं चालतं, नुरा खेळला म्हटलेलं चालत नाही.

“मान दिला तुम्हाला,” तो हळू म्हणाला.

“दिलास का काढून घेतलास?”

आक्कांनी भिंतीकडे बोट केलं. “पत्रा वाच.”

“पाठ आहे, आक्का.”

“वाच.”

“हरेल त्याने उठावे.”

“ऊठ.”

“मी मुद्दाम हरलो, हे तुम्हाला कळलंय की!”

“कळलंय. म्हणून ऊठ.”

पंचेचाळीस वर्षांचा माणूस स्टुलावरून उठला. मागे कुणी उभं नव्हतं. स्टूल रिकामं राहिलं.

“आता सांग. पोरीशी कसं खेळतोस?”

“तिची बोटं, आक्का...”

“बोटांचं इचारलं न्हाई.”

“सगळ्यात सोपी लेव्हल लावून देतो. काही गेममध्ये मरण बंद करता येतं. कितीही चुकलं तरी खेळणारा मरत नाही. मी ते बंद करून ठेवलंय.”

“आणि तुझ्याबरुबर खेळली की?”

“जिंकते.”

“दर येळी?”

“दर वेळी.”

आक्कांनी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“पोरगी काय बोलली?”

“काही नाही. बोलतच नाही फारसं.” तो थांबला. “एकदा बोलली. तिसरा गेम चालू होता. मध्येच कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, बाबा, मी कच्चं लिंबू आहे का?”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, नाही गं, तू तर जिंकलीस.”

“मग?”

“मग चौथा गेम लावला.”

शेजारचे माग एकाएकी थांबले. पाळी बदलत असावी. दुकानात पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

आक्कांनी टीव्ही बंद केला.

“पहिल्या दिवशी तू इथं रडलास,” त्या म्हणाल्या. “ध्यानात हाय?”

“आहे. सात वर्षांचा होतो. हरलो म्हणून रडलो. त्यावर एक लेख लिहिलाय मी. हार पचवायला या पार्लरमध्ये शिकलो, असा.”

“वाचलाय. नातीनं वाचून दाखवला. खोटा हाय.”

“खोटा?”

“हरलास तवा तू दात काढत होतास. मोठी पोरं म्हणाली, ऱ्हाऊ दे रं, कच्चं लिंबू हाय, बसू दे त्याला. कुणी उठवलंच न्हाई तुला. तवा रडलास.”

“मग गप्प कसा झालो?”

आक्का उठल्या. हात लांबवून त्यांनी त्याचा उजवा कान धरला. वर ओढला. आणि सोडला. “असं उठवलं तुला.”

अभिनंदन कानावर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

“ती हरेल, आक्का,” तो म्हणाला. “त्या बोटांनी ती दर वेळी हरेल.”

“हरंल.”

“माझ्यामुळे हात गेला तिचा. आणि मीच तिला हरवू?”

“मग आणि कोन हरवणार? शेजारी?”

“रडेल ती.”

“रडंल.”

“आणि एवढं करून बोटं हललीच नाहीत तर?”

“ते डॉक्टरला इचार. माझं दुकान गेमचं हाय.”

माग पुन्हा सुरू झाले. खडखड वाढली. अभिनंदनने डोळे पुसले. मग सवयीनं वही उघडली.

“बरं. मग गेम कोणता देऊ? निदान नाव तरी...”

आक्कांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं आणि त्याच्या खिशात ठेवलं.

मग त्या भिंतीपाशी गेल्या. टाचा उचलून निळा पत्रा खिळ्यावरून काढला. त्याच्यामागे भिंतीचा तेवढा चौकोन कोरा, स्वच्छ राहिला होता. आक्कांनी पदरानं पत्र्यावरची धूळ पुसली आणि तो अभिनंदनच्या दोन्ही हातांत ठेवला.

त्यानं पत्र्याकडे पाहिलं. आक्कांकडे पाहिलं.

“आक्का, हे...”

“जा,” आक्का म्हणाल्या. “पोरीला उठव.”