घासणारीचा अंगठा

नदीकाठच्या एका गावात एक तांबट होता. त्याच्या कारखान्यातल्या पितळी हंड्यांना पंचक्रोशीत मान होता, कारण त्यांत ठेवलेलं ताक कधी हिरवं पडून कळकत नसे. हे कशानं होतं ते तांबटालाही धड सांगता आलं नसतं. खरं ठाऊक होतं ते त्याच्याकडं भांडी घासणाऱ्या बाईला.

पितळेला आतून कथलाच्या थराची कल्हई लागते, नाहीतर आंबट कळकतं. कल्हईवाला हंडा तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, कथील फिरवायचा. पण हंड्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं. गळ्याखालच्या वळणात कथील पोचलं नाही, तर ते डोळ्याला दिसत नाही. बाईचा हात बारीक. हंडा निवला की ती हात आत घालून अंगठा फिरवायची. गुळगुळीत लागलं तर ठीक, खरखरीत लागलं की हंडा मुकाट्यानं कल्हईवाल्यापुढं परत. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनंच उचललं होतं, आणि बारा वर्षांत तिचा अंगठा काळा ठिक्कर पडला होता.

एकदा शेजारच्या गावची पंचमंडळी शेला-नारळ घेऊन आली. इतक्या वर्षांत तुमच्या हंड्यातलं कधी कळकलं नाही, तर हंडे पारखतो कोण ते दाखवा, त्याच्या अंगावर हा शेला घालू, असं म्हणाली. तांबटानं इकडंतिकडं पाहिलं. दारात घासणारी उभी होती, हात ओले, पदर खोचलेला. गादीवर मेहुणा बसला होता, चार बुकं शिकलेला, पांढरीशुभ्र टोपी घातलेला. तांबटानं मेहुण्याकडं बोट केलं.

बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, आणि का बसावं? "मालक, हंड्यात हात मी घालते," ती म्हणाली.

चारचौघांत तांबटाला ते झोंबलं. तो हसून म्हणाला, "अंगठेबहाद्दर तू. तुला पारख काय कळणार? तुझं काम घासायचं. सांगितलं तेवढं करत जा."

मंडळी हसली. मेहुणाही हसला, शेला सावरत.

त्या दिवसापासून बाईनं सांगितलं तेवढंच केलं. पूर्वी ती घासायची चिंच आदल्या दिवशीच भिजत घालायची, नवसागर ओलसर वाटला तर उन्हात पसरायची, कोळसा संपत आला की आधीच बोलायची. आता चिंच भिजव म्हटलं की भिजवायची, नाहीतर बसून राहायची. तांबट बायकोला म्हणे, बाई आता वळणावर आली, उलटून बोलत नाही. चार महिन्यांत बाईचा अंगठा स्वच्छ झाला. तिच्याखेरीज ते कुणाच्या नजरेला आलं नाही.

मग गावच्या देवळावर कळस चढवायचं ठरलं. अख्ख्या गावाला जेवण, जिलबी आणि मठ्ठा. मठ्ठ्यासाठी तांबटाकडचे तीन नवे हंडे. ते न्यायला गाडी दारात आली, तेव्हा सवयीनं बाईचा हात तिसऱ्या हंड्यात मनगटापर्यंत गेला. तेवढ्यात मंडळींचं ते हसणं तिच्या कानात वाजलं. तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "न्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. ताक सकाळपासून हंड्यांत होतं. वर कोथिंबीर भरपूर, त्यामुळं हिरवट झाक कुणाला दिसली नाही. बाईच्या शेजारी तिच्या आळीतली म्हातारी बसली होती. वाढपी आला तसा बाईनं वाटीवर हात धरला.

"का गं, घेत नाहीस?" म्हातारीनं विचारलं.

"घसा धरलाय."

"मग हिच्या वाटणीचा मला वाढ रे बाबा. दात नाहीत, मला जिलबी बुडवायला लागते," म्हातारी वाढप्याला म्हणाली आणि दोन वाट्या प्यायली. बाईला तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. तिनं जिलबीचा तुकडा मोडला.

दिवस मावळायच्या आत निम्मं गाव ओकत होतं. मेलं कुणी नाही, पण म्हातारी तीन दिवस डोळे उघडेना.

गावानं तांबटाला चावडीवर उभं केलं. शेलेवाल्या मेहुण्याला विचारलं, तर तो म्हणाला की आपण कधी हंड्यात हात घातलाच नाही, आपला हात आत जातच नाही. मग कल्हईवाला पुढं आला. पूर्वी बाई दहातले दोन हंडे परत आणायची, म्हणाला, चार महिन्यांत एकही आणला नाही. "मला वाटलं, माझा हात सुधारला." कुणी हसलं नाही.

तांबट बाईला शोधत म्हातारीच्या घरी गेला. बाई चमच्यानं तिच्या तोंडात पेज घालत होती.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"हंडा खराब आहे हे ठाऊक नव्हतं. मी बघितला नाही, हे ठाऊक होतं." मग खाली बघून ती म्हणाली, "आणि मालक, मी मठ्ठा प्यायले नाही."

तांबट उंबऱ्यावरच बसला. "तुला हात घालताना मी शंभरदा पाहिलं होतं," तो म्हणाला. "पाहुण्यांपुढं ओल्या हाताच्या बाईवर शेला घालायची मला लाज वाटली. आता कुठं तोंड लपवू?"

"लपवू नका. चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या."

त्यानं घेतलं. शेजारच्या गावच्या पंचांना बोलावून, चावडीवर, टोपी काढून. तेव्हापासून पारखलेल्या प्रत्येक हंड्याच्या बुडावर बाईच्या अंगठ्याचा गेरूचा ठसा असतो. गिऱ्हाईक आधी हंडा उलटा करून तो बघतं, मग पुढचं बोलतं.

म्हातारी बरी झाली. एकदा उन्हाला बसल्या बसल्या तिनं विचारलं, "काय गं, त्या दिवशी तुझा घसा खरंच धरला होता?"

बाई बोलायला गेली. त्या दिवशी न धरलेला घसा आता धरला.

तात्पर्य: न सांगता राबणाऱ्याचा मान दुसऱ्याच्या अंगावर घालाल, तर तो हात आखडेल, आणि ओकारी पंगतीतल्या भलत्यालाच होईल. अन् जिचा मान गेला तिनं मालकाशी भांडावं, खुशाल भांडावं. फक्त हंड्यातला हात काढू नये.