फोटो काढला का, बाबा?

“पण बाबा, पकडलेला प्रत्येक मासा मी सोडून देतो! मग मला उपदेश द्यायला नाही का म्हणता?”

धरणाखालच्या डोहाकाठी भिवनाथबाबा नावाचे साधू राहायचे. त्यांच्यासमोर बसून हा प्रश्न विचारणारा हेरंब चितळकर पुण्याचा. मोठा कारखानदार. रीतसर परवाना काढून दरवर्षी हौसेनं या नदीवर गळ टाकायला यायचा. यंदा मात्र स्वारीचं काहीतरी बिनसलं होतं. झोप उडालेली, कशात म्हणून मन लागेना. बाबांचा उपदेश घेतल्याशिवाय परत जायचं नाही, असा हट्ट धरून तो बसला होता.

“सोडतोस?” बाबा म्हणाले. “लगेच?”

“लगेच म्हणजे... आधी फोटो. तो नको का? नाहीतर लोकांना कळणार कसं?”

आता याला काय म्हणावं! बाबा इतके हसले, की त्यांना ठसकाच लागला.

हेरंबला ते झोंबलं. मोबाईल दगडावर ठेवून त्यानं तोंड फिरवलं आणि गळ पाण्यात फेकला.



मग बाबांनीच विचारलं, “सकाळी धरणातलं वीजघर बघायला गेला होतास ना? आत काय असतं रे? एवढ्या वर्षांचा शेजार, पण मी काही गेलो नाही कधी.”

“दाखवायला फोटो नाहीत, बाबा. मोबाईल दारातच ठेवून घेतात.”

“मग तोंडानं सांग की!”

हेरंब सांगू लागला. डोंगराच्या पोटातला बोगदा. भिंतींना सुटलेला पाझर, तेलाचा वास. पायाखालची फरशी सारखी थरथरत होती म्हणे. “पाणी वरून येतं, ती अवाढव्य चाकं फिरवतं आणि निघून जातं, बाबा. थेंबभरही कमी होत नाही! मी कठड्यावर हात ठेवून उभा होतो, तर हाताला नुसत्या मुंग्या येत होत्या. तिथून हलावंसंच वाटेना.”

बोलता बोलता तो थांबला. आपल्याला एवढं आठवतंय, याचं त्यालाच नवल वाटलं.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. “आणखी?” ते म्हणाले.

तेवढ्यात गळाची काठी वाकली.

अरे देवा, केवढी ती ओढ! रीळ करकरत सुटलं. हेरंब बुटांसकट पाण्यात शिरला. दोरी सोडायची, गुंडाळायची, पुन्हा सोडायची... घामाघूम झाला बिचारा. शेवटी मासा दमून काठाशी आला. महसीर! तळहाताएवढे सोनेरी खवले. जन्मात त्याच्या गळाला असा मासा लागला नव्हता.

गळ काढून त्यानं मासा दोन्ही हातांनी उचलला. “बाबा, तो दगडावरचा मोबाईल घ्या! माझ्यासमोर धरा आणि खालचं गोल बटण दाबा. लवकर!”

बाबांनी मोबाईल धरला.

“काढला?”

बाबांनी मोबाईल तसाच धरून ठेवला.

“अहो, काढला का?”

बाबा माशाकडं बघत होते...

मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मघाशी ताठ असलेलं त्याचं अंग हेरंबच्या हातात ढिलं पडू लागलं. हेरंबनं एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा माशाकडं.

“मरू दे तो फोटो!” तो ओरडला आणि माशाला घेऊन पाण्यात गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड धारेकडं करून धरून राहिला. “घे रे श्वास... घे माझ्या राजा...” हेरंबला रडूच फुटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. कल्ले हलले. शेपटीचा एक फटका बसला आणि मासा गेला.

हेरंब निथळत काठावर आला. थंडीनं त्याचे दात वाजत होते, पण चेहरा उजळला होता.

“बाबा, आता तरी उपदेश द्याल?” त्यानं विचारलं. आणि मग, न राहवून, “...फोटो काढला होता का हो?”

बाबांनी मोबाईल त्याच्या ओल्या हातावर ठेवला.

“काढलाय का नाही, ते यात दिसेल. बघितलंस तर घरी जा. बघितलं नाहीस... तर उद्या ये.”